मामींचा डोळा आणि देवाचा एडका

माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, उभ्या जन्मात माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तरी त्यांच्याइतकं माझ्याशी कुणी बोललंही नसेल. आमच्याकडची रीतच तशी होती. सासूनं जावयाला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. जावयानं दारात आलं की खाकरायचं. मी खाकरलो की आत बांगड्या वाजत, पदर डोक्यावरून थेट नाकापर्यंत उतरे, आणि मग मामी भिंतीशी बोलू लागत.

"कुणाला भूक लागली असंल तर भाकर टोपल्यात हाय म्हणावं."

भिंत गप्प राही. मी चुलीकडे बघून म्हणे, "भाकरीसंगं कुणी ठेचा दिला तर भाकर एकटी पडणार न्हाई."

ठेचा येई. असं आमचं चाले. मी मूळचा बोलघेवडा. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, ओसरीवर बसवून मी गोष्टी सांगायचो. तहसीलदाराची घोडी, आमच्या हेडमास्तरांची टोपी, कुठल्या गावच्या पाटलाला कसं भूत लागलं आणि ते भूत उर्दूतच कसं बोलायचं. मामा नुसते मिशीत हसत. खरी श्रोती आत असे. मामींच्या हसण्याला आवाज नव्हता. पोट हले आणि त्याबरोबर बांगड्या किणकिणत. त्या किणकिणीवरून मला गोष्ट कुठे वाढवायची, कुठे आवरायची ते कळे. पुढे मोठमोठ्या सभांतून बोललो, लोकांनी टाळ्याही दिल्या. पण त्या बांगड्यांइतकी दाद मला पुन्हा मिळाली नाही.

तर त्या मामींच्या डोळ्याची ही हकीकत.

माझी सासुरवाडी राणीसावरगावच्या बाजूला. मेंढरांचं घर, थोडी कोरडवाहू जमीन. मी पालमच्या शाळेत मास्तर होतो. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. शाळेच्या पाटीवर चुना फासून मराठी अक्षरं काढली होती, पण चुन्याखालून जुनी उर्दू अक्षरं अजून डोकावत. माझंही तसंच होतं. शिकलो उर्दूत, शिकवायचो मराठीत.

लग्नातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मांडवात मी मुंडावळ्या बांधून ऐटीत उभा होतो. मामांच्या घरी खंडोबाच्या नावानं सोडलेला एक एडका, म्हणजे मेंढा, असे. कपाळाला भंडारा, गळ्यात घुंगूर. त्याची लोकर कातरायची नाही, त्याला दाव्याला बांधायचं नाही, हाकलायचं नाही. एक गेला की त्याच्या जागी दुसरा. त्या दिवशी हा देवाचा एडका मांडवात फिरत फिरत माझ्या मागे आला, चार पावलं मागे सरला आणि त्यानं नवरदेवाला अशी धडक दिली की मी अक्षतांच्या ताटात तोंडावर पडलो. उठलो, तोंडावरचे तांदूळ झाडले आणि म्हणालो, "अरे, कुणाचं हे जनावर? बांधा की त्याला."

मला वाटलं, मांडव हसून फुटेल. कुणी हसलं नाही. वाजंत्रीसुद्धा थांबली. मामा पुढे आले, माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि कानात म्हणाले, "मास्तर, असं बोलू नये. देवाचा परसाद हाय." पाठीमागून एक बाईमाणूस खांबाला सांगत होतं, "नशीबवान हाय म्हणावं. पैल्याच दिवशी परसाद मिळाला."

त्या घराची समजूत अशी. देवाच्या एडक्यानं मारलं तर ते मारणं नव्हे, देवानं हात लावणं. 'एडक्यानं मारलं' असं जो तोंडानं म्हणेल, त्यानं देवाचं देणं परत केलं. मग देव कळपाकडे पाठ फिरवतो. माझ्या त्या एका वाक्यापायी मामांनी गुपचूप काय काय नवस फेडले ते मला बायकोनं पुष्कळ पुढे सांगितलं. माझ्या कमरेत मात्र दोन महिने परसाद ठणकत होता.

मामींचा डावा डोळा माझ्या लग्नाआधीच गेला होता. जत्रेत एक फिरता वैद्य आला होता. त्यानं डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू खाली ढकलला. चार दिवस उजेड दिसला, मग डोळा पिकला आणि विझला. उरला उजवा. माझ्या लग्नानंतर त्यातही मोती उतरू लागला. आधी त्यांना सुईत दोरा ओवता येईना, मग कोकरं ओळखू येईनात, मग त्यांना उंबरा दिसेना. मी खाकरलो की त्या आवाजाच्या दिशेनं पदर ओढू लागल्या. कधी कधी दिशा चुके, मी उजवीकडे उभा आणि पदर डावीकडे. मी गुपचूप डावीकडे सरकत असे, रीत पाळल्याचं समाधान त्यांना मिळावं म्हणून.

त्यांना दिसण्याची गरज होती ती एका कामासाठी. सुगी झाली की कळप गंगाथडीला निघे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिकडच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायची, उन्हाळाभर मुक्काम हलवत राहायचं. मामी लग्न झाल्यापासून या कळपामागे चालल्या होत्या. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की कोणतं कोकरू कुणाचं ते बघून ज्याच्या त्याच्या आईखाली सोडायचं, हे त्यांचं काम. डोळे गेलेली बाई कळपामागे चालू शकत नाही. तिला गावात कुणाच्या तरी पडवीत ठेवून कळप निघून जातो. त्या वर्षी कळप निघायची बोलणी सुरू झाली, तेव्हा मामी भिंतीला म्हणाल्या, "कुणी शिकलेलं असंल तर त्येला सांगा. मला बसून मरायचं न्हाई."

शिकलेला मीच होतो. योग असा की दिवाळीच्या सुटीत आमच्याच शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. हैदराबादहून एक डॉक्टर आले, सोबत परभणीकडच्या एक सिस्टर आणि औषधांच्या पेट्या. चौथीच्या वर्गात तपासणी, तिसरीच्या वर्गात ऑपरेशन, बाकीच्या वर्गांत जमिनीवर गवत आणि सतरंज्या टाकून रोगी. मास्तरांची दोन टेबलं जोडून ऑपरेशनचं टेबल केलं होतं. स्टोव्हवर हत्यारं उकळत होती. डॉक्टरांची भाषा उर्दू, मराठी मोडकी. मला उर्दू येत होती, म्हणून दुभाष्या मीच. मामा, मामी आणि माझी बायको बैलगाडीनं आले.

तपासणीत पहिली पंचाईत रीतीची. डॉक्टर सांगत, "इनसे कहिए, बाएँ देखें." मी फळ्याकडे तोंड करून म्हणे, "कुणीतरी डावीकडं बघावं."

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी बॅटरी खाली घेतली. "मास्टर, आप ब्लॅकबोर्ड से क्यों बात कर रहे हैं?"

"साहेब, ये मेरी सास हैं."

"तो फिर?"

"तो फिर यही."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी तेही चुकून फळ्याकडे बघून बोलले. बायकोनं तोंडाला पदर लावला. मलाही मजा वाटत होती. मग डॉक्टर पुढे वाकले. भिंग जवळ नेलं, बाजूनं उजेड टाकला, मामींना पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायला लावलं. मला बोलावून त्यांनी भिंगातून दाखवलं. बाहुलीच्या मागे पांढरा मोती होता, आणि मामींचा डोळा थांबल्यावरही तो मोती क्षणभर थरथरत राहिला, परातीतल्या पाण्यावर पान हलावं तसा.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग चहूबाजूंनी बारीक धाग्यांनी टांगलेलं असतं. इथे काही धागे तुटले आहेत. मी हे मामांना सांगितलं ते असं: "मामा, शिंक्याच्या दोऱ्या एका बाजूनं तुटल्यात."

मामा म्हणाले, "मग गाडगं कलंडंल की."

तेच डॉक्टरांना भय होतं. नेहमीच्या ऑपरेशनात ते मोती चिमट्यानं धरून, खालून थोडं दाबून, हलकेच डोलवत बाहेर काढत. इथे दाबलं तर मोती मागे डोळ्यात पडेल आणि आतला गर बाहेर येईल. डोळा संपला.

"डोळ्याला कधी मार लागला होता का?" त्यांनी विचारलं.

मी फळ्याला विचारलं. मामी म्हणाल्या, "न्हाई."

"वैद्यानं या डोळ्यातही सुई घातली होती का?"

"न्हाई."

सिस्टरनी मान वर केली. त्यांनी असली किती तरी उत्तरं ऐकली असावीत. त्या मामांकडे वळल्या. "बाबा, खरं सांगा. बायकोला मारता का?"

मामांसारखा गरीब माणूस मी पाहिला नाही. मेंढराला काठी लावतानाही ते आधी काठी फिरवून सांगत. त्यांनी एकदा मामींकडे बघितलं, एकदा जमिनीकडे. पटका काढून हातात घेतला.

"चुकलं, बाई," ते म्हणाले.

माझी बायको पुतळ्यासारखी उभी राहिली. सिस्टरनी मग मामांना असं काही सुनावलं की बाहेरच्या रांगेतले लोक आत डोकावू लागले. मामा ऐकत राहिले. डॉक्टरांनी मात्र विचारलं, कधी मारलं, कशानं मारलं, कोणत्या बाजूनं? मामांना यातलं काहीच सांगता येईना. हातानं, म्हणाले. मग काठीनं म्हणाले. मग म्हणाले, आठवत न्हाई.

डॉक्टरांनी हात धुतले. मला बाजूला घेऊन म्हणाले, म्हातारी म्हणते मार लागला नाही. म्हातारा म्हणतो मी मारलं, पण खोटं बोलतोय हे दिसतंय. याचा अर्थ वैद्यानं याही डोळ्यात सुई घातली आहे आणि हे लोक लपवताहेत; नेहमी लपवतात. तशा डोळ्याच्या आत काय झालंय ते इथे टेबलावर कळणार नाही. मी हात लावणार नाही. हैदराबादला मोठ्या दवाखान्यात न्या.

हैदराबाद. कळप निघायला आठवडा उरलेला, मामी आगगाडीत कधी बसलेल्या नाहीत. म्हणजे पडवी. मामींना हे सांगावं लागलं नाही. डॉक्टरांचा आवाज त्यांनी ऐकला होता. त्या उठल्या, लेकीचा खांदा चाचपला आणि दाराकडे निघाल्या.

शाळेसमोरच्या लिंबाखाली आम्ही बसलो. माझ्या बायकोचा पारा चढला होता.

"आबा, तुमी कवा हात उगारलाव मायवर? तिचा आवाज ऐकून तुमी गोठ्यात पळता."

"असू दे, बाई."

"कामून असू दे? त्या सिस्टरनं समद्यांपुढं तुमचं नाक कापलं."

"नाक माझं हाय," मामा म्हणाले. "कापलं तर कापलं."

मामी लिंबाच्या खोडाला म्हणाल्या, "म्हाताऱ्याला अक्कल न्हाई. पर मन हाय."

आणि पुन्हा सगळे गप्प. ती गप्प बसण्याची तऱ्हा मी कुठेतरी पाहिली होती. सगळे एकाच वेळी जमिनीकडे बघतात आणि कुणीही कुणाकडे बघत नाही. ती मी माझ्या मांडवात पाहिली होती, तोंडाला तांदूळ चिकटलेले असताना.

मी लिंबाला विचारलं, "मांडवात मला परसाद मिळाला, तसा या घरात आणिक कुणाला मिळाला होता का?"

मामींच्या बांगड्या एकदाच वाजल्या. मामांनी पटका पुन्हा डोक्यावर ठेवला, पुन्हा काढला. बायको माझ्याकडे बघत होती. तिलाही हे पहिल्यांदाच उमगत होतं असं वाटलं.

मी म्हणालो, "मामा, डॉक्टरांना एवढंच कळायला हवं. सुई न्हाई, मार हाय. तेवढं कळलं तर ते करतील."

"बोलता येत न्हाई, मास्तर."

"डोळा जाईल."

"डोळा गेला तर हिचा एकटीचा जाईल. बोललो तर समदं जाईल. ही स्वतः म्हणल, नको." आणि मामी खरंच म्हणाल्या, खोडाला, "नको."

दोघं एकमेकांशेजारी बसले होते आणि माझी हिंमत होईना त्यांना अडाणी म्हणायची. त्यांनी हिशेब करून ठेवला होता. त्या हिशेबात मामींचा डोळा एका बाजूला होता आणि कळप, कोकरं, देव दुसऱ्या बाजूला. डोळा गमावण्यासाठीच इतकी वर्षं त्या गप्प होत्या असं नाही. पण गमवावा लागला तर लागला. मी देवाला आव्हान देऊन मोकळा झालो असतो. माझी मेंढरं नव्हती.

मग मला सुचलं, आणि ते सुचलं म्हणून मी आजही स्वतःवर खूश आहे. "तोंडानं बोलायचं न्हाई, हे खरं," मी म्हणालो. "पर करून दाखवायला काय हरकत हाय?"

मामांनी पुष्कळ विचार केला. गावातल्या देवळाकडे तोंड करून बसले. मग मामींना विचारलं, "काय म्हणतीस?"

मामींनी बोटांनी खोड चाचपलं. शेवटी म्हणाल्या, "दाखवा. पर घुंगराचा आवाज करू नका." घुंगूर वाजला तर कोणाचा एडका ते उघड होणार होतं.

आम्ही पुन्हा चौथीच्या वर्गात गेलो. डॉक्टर दुसऱ्याचा डोळा बघत होते. मी म्हणालो, "साहेब, दो मिनट." सिस्टरनी मामांना पाहून तोंड फिरवलं. मामांनी हातातला पटका मास्तराच्या खुर्चीवर ठेवला, अंगरख्याच्या बाह्या वर केल्या आणि सत्तरीच्या घरातला तो माणूस चौथीच्या वर्गात चार पायांवर आला.

मामी भिंतीपाशी खाली बसल्या, उकिडव्या, जणू पुढ्यात कोकरू धरलं आहे. ही बैठक त्यांच्या अंगात मुरलेली होती. डोळ्यांची गरज नव्हती. मामांनी मान खाली घातली. एडका मारायच्या आधी मागे सरतो. मामा मागे सरले, गुडघे फरशीवर घासत, एक, दोन, थांबले, मान तिरकी केली. मग ते पुढे आले, आणि मामींच्या चेहऱ्यापाशी, अगदी बोटभर अंतरावर, डोकं थांबवून त्यांनी खालून वर, कानाच्या बाजूनं, एक हलका झटका दिला. केसांचा स्पर्श मामींच्या गालाला झाला असावा. बांगड्या किणकिणल्या.

कुणी हसलं नाही. रांगेतला एक म्हातारा नकळत हात जोडून उभा राहिला. त्याला सगळं कळलं होतं.

डॉक्टर पुढे आले, वाकले. "सींग?" त्यांनी विचारलं. मामा बोलले नाहीत. डोक्यावर दोन बोटं उभी केली. "इस तरफ से? नीचे से?" मामांनी मान हलवली. "कब?" यावर मामांना बोलता येत होतं. त्यांनी लेकीकडे बोट दाखवलं. "ही पोटात होती."

डॉक्टर पुन्हा भिंग घेऊन बसले. आता ते खालच्या, कानाकडच्या बाजूलाच बघत राहिले. उठले तेव्हा म्हणाले, तिकडचेच धागे गेले आहेत, वरचे शाबूत असतील. त्या बाजूला दाब न देता, चिमटा न लावता, तारेच्या बारीक फासानं मोती खालून उचलून घेता येईल. येईलच असं नाही. प्रयत्न करतो.

सिस्टरनी खुर्चीवरचा पटका उचलला, झटकला आणि मामांच्या हातात दिला. मामांनी "ऱ्हाऊ द्या, बाई" म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या उजेडात ऑपरेशन झालं. मामींच्या तोंडावर कापड, त्यात एक भोक, त्या भोकातून एवढा एकच डोळा जगाकडे बघत होता. मी पायांपाशी, फळ्याकडे तोंड करून. फळ्यावर कुणीतरी लिहिलेला सतराचा पाढा अर्धा पुसलेला होता. डॉक्टर सांगत, मी सतराच्या पाढ्याला सांगे, "कुणीतरी खाली बघावं. कुणीतरी श्वास हळू घ्यावा."

मध्येच डॉक्टरांचं सांगणं थांबलं. मी न राहवून मागे बघितलं. मोती एका बाजूनं खाली कलंडला होता आणि कडेनं काचेसारखा पारदर्शक थेंब वर येत होता. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम सिस्टरनी टिपला. त्यांनी चिमटा ठेवला, तारेचा फास घेतला आणि दाब न देता, इतक्या सावकाश की हात हलतोय हे दिसू नये, तो फास मोत्याच्या मागे सरकवला. मला वाटलं, कुणीतरी शिंक्यातलं गाडगं, दोऱ्या तुटताना, खालून तळहातावर झेलतंय.

"सांस रोकें," डॉक्टर म्हणाले.

"कुणीतरी श्वास घेऊ नये," मी म्हणालो.

मामींनी श्वास धरला. मीही धरला. मोती बाहेर आला. भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीएवढा, पिवळसर. थोडा गर गेला होता. डॉक्टरांनी टाके घातले आणि मला म्हणाले, आता खरं अवघड काम म्हातारीचं. दोन्ही डोळे बांधून उताणं पडायचं, मान हलवायची नाही, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, जोर करायचा नाही. "और हँसना बिल्कुल नहीं." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. दोन दिवसांत त्यांना माझी ओळख पटली होती.

मला बोलायची बंदी झाली. बायकोनं माझ्याकडून भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी मामींच्या वर्गात जाई, खाकरतही नसे, भिंतीला टेकून बसे. आयुष्यात इतका गप्प मी त्याआधी नव्हतो आणि नंतरही राहिलो नाही. मामा पायांशी बसून तळव्यांना तेल चोळत.

पट्टीच्या आत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. उजेड की अंधार, ते मामींनाही कळत नव्हतं.

एका संध्याकाळी शेजारच्या रोग्याकडे आलेल्या पाहुण्यांची बकरी दारात आली आणि ओरडली. मामा लगबगीनं, गुडघे फरशीवर घासत, तिला हाकलायला निघाले. तेवढ्यात माझ्या कानावर एक आवाज आला. किण. किणकिण. मामींचे ओठ मिटलेले, मान वाळूच्या पिशव्यांत घट्ट. पण पोट हलत होतं. त्यांना मामांचा एडका आठवला होता. आमच्या घरात इतक्या वर्षांनी त्या धडकेवर कुणीतरी हसत होतं, आणि नेमकं आत्ता.

"माय, नको," बायको म्हणाली. किणकिण वाढली. मामांनी मामींचे दोन्ही पाय धरले, जणू त्यांना वाहत्या पाण्यातून ओढत आहेत. मी ज्या आवाजासाठी जीव टाकत असे, तो थांबावा म्हणून मी पुढे होऊन त्यांच्या मनगटावरच्या बांगड्या मुठीत धरल्या. सासूच्या अंगाला जावयाचा हात कधी लागत नाही. मामी त्या क्षणी थिजल्या. हसणं थांबलं. मी हात काढून घेतला आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो.

पुढच्या पट्टीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, बाहुली एका बाजूला ओढली गेली आहे. गर गेल्यामुळे की हसण्यामुळे, सांगता येत नाही. नीट उघडू द्या, मग बघू.

पट्टी कायमची काढायच्या दिवशी खिडकीवर चादर टाकली होती. मामी सतरंजीवर बसल्या होत्या, पदर मागे खांद्यावर पडलेला. मी दारातून आत येऊन भिंतीच्या कडेला उभा राहिलो. शपथ अजून सुटली नव्हती. खाकरलो नाही, पाय वाजवला नाही. मी आलो आहे हे मामींना कळायचं कारणच नव्हतं.

सिस्टरनी पट्टी काढली. डोळा लाल, बाहुली वरच्या बाजूला ओढलेली, किल्लीच्या भोकासारखी. डॉक्टरांनी तोंडासमोर दोन बोटं धरली. "कितनी?" बायकोनं विचारलं, "माय, किती बोटं?"

मामी गप्प. डॉक्टरांनी बोटं हलवली. मामी गप्प. मामांनी पटका काढून हातात घेतला होता. मामींची मान हळूहळू वळली, डॉक्टरांवरून सिस्टरवर, तिथून मामांवर, तिथे थोडी थांबली आणि मग भिंतीकडे, माझ्याकडे आली. आणि त्यांचा हात वर गेला. पदर डोक्यावरून सर्रकन् नाकापर्यंत उतरला.

डॉक्टर म्हणाले, उजेड सहन होत नाहीये. माझी बायको मात्र भिंतीला धरून रडायला लागली. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "दिसलाव, मास्तर. तुमी दिसलाव तिला."

मागाहून जाड काचेचा चष्मा आला. मामी त्या वर्षी उशिरानं, पण कळपामागे गेल्या. पुढचे काही उन्हाळेही गेल्या. चष्म्यातून जग मोठं आणि वाकडं दिसतं, असं त्यांनी भिंतीला सांगितलं. पण कोकरू कुणाचं ते कळतं. डॉक्टरांनी जाताना मला बजावलं होतं, हा डोळा कर्जाऊ समजा, आतून कधी पडदा सुटेल सांगता येणार नाही. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगून कुणाचा उन्हाळा चांगला गेला असता?

माझी खाकरायची सवय हळूहळू गेली. पाहणाऱ्या बाईला खाकरून काय सांगायचं? मी दारात आलो की पदर आपोआप खाली येई.

एकदा दुपारची एसटी धरून मी अचानक सासुरवाडीला गेलो. दार उघडं होतं. मामी पडवीत बसल्या होत्या, चष्मा लावून, तोंड सरळ माझ्याकडे. मांडीवर कोकरू होतं आणि त्या त्याच्या कानामागे बोटांनी चाचपत होत्या. मी थांबलो. पदर खांद्यावरच राहिला. मी हसलो, पदर खांद्यावरच. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि मामींचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा निवांतपणे, पुरता पाहिला. लेकीची हनुवटी तिथून आली होती.

त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कळप निघायला थोडेच दिवस होते.

मी पाय न वाजवता मागे सरलो, अंगण ओलांडून वाटेवर गेलो, आणि तिथून, पहिल्या वर्षी खाकरायचो तसा, मोठ्यानं खाकरलो. आत बांगड्या वाजल्या. मी आलो तेव्हा पदर नाकापर्यंत उतरला होता, आणि मामी भिंतीला सांगत होत्या, कुणी आलं असंल तर भाकर टोपल्यात हाय म्हणावं.